पोल्ट्री शेडमधली कुजबुजती पीटी

फौजेत भरती झालो तेव्हा माझं वजन कमी भरत होतं. रांगेत उभं राहण्याआधी मी डझनभर केळी खाल्ली, वर दोन तांबे पाणी प्यालो आणि काट्यावर जेमतेम पास झालो. पुढं चोवीस वर्षं नोकरी केली. नर्सिंग असिस्टंट होतो. दुसऱ्यांचं वजन, दुसऱ्यांचा ताप, दुसऱ्यांचं ब्लडप्रेशर लिहीत राहिलो आणि हवालदार होऊन घरी आलो. पण ती केळी काही मनातून गेली नाहीत. कुठंही वजनाचा काटा दिसला की वाटतं, हा आता सगळं सांगून टाकणार. हे आधीच लिहून मोकळा होतो, कारण पुढं जे सांगायचंय ते याच जातीचं आहे. फक्त या वेळी केळी मी एकट्यानं खाल्ली नाहीत.

आमचं गाव नेवासा तालुक्यात, प्रवरेपासून हाकेच्या अंतरावर. फौजेतून परत आलेली माणसं आमच्याकडं बरीच. चाळिशीत पेन्शन घेऊन माणूस घरी येतो तेव्हा सागाच्या खांबासारखा असतो. वर्षभरात तो खांब मधे फुगायला लागतो. फौजेत पहाटे उठवून पळवणारा कुणीतरी असतो. गावात सकाळी चहा असतो, नऊला चहा असतो, आणि मधे कुणी पाहुणा आला तर त्याच्याबरोबर पुन्हा चहा असतो. पळवणारं कुणी नसतं.

नेमकं हेच शोधायला मॅडम आल्या. लष्करातल्या डॉक्टर, हुद्दा मेजर. जवान निवृत्त झाल्यावर त्याच्या तब्येतीचं काय होतं, आणि साधा, ठरवून दिलेला व्यायाम रोज केला तर काय फरक पडतो, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. फरक पडतो हे नीट सिद्ध झालं तर गावोगावच्या माजी सैनिकांसाठी तशी कायमची सोय करायची, असा विचार होता. त्यांनी पाच-सहा गावं घेतली होती. प्रत्येक गावात त्यांना मोजमापं घेणारा एक माहीतगार माणूस हवा होता. आमच्या गावात तो मी निघालो. नगरहून त्यांची जीप आली, आणि मला एक स्टॉपवॉच, एक टेप, ब्लडप्रेशरचं मशीन आणि कडक पुठ्ठ्याचं रजिस्टर मिळालं. स्टॉपवॉच गळ्यात घालून मी पहिल्या दिवशी उगाचच दोनदा गावातून चक्कर मारली. बायको म्हणाली, "काढा ते आता, जेवताना तरी."

पहिलं मोजमाप शाळेच्या व्हरांड्यात झालं. कमरेला टेप लावायचा, एवढंच काम. पण टेप दिसला की फौजी माणसाला भरती आठवते. भरतीत छाती फुगवून दाखवावी लागते. मी टेप उघडला की समोरचा खाडकन श्वास आत ओढायचा, छाती वर, पोट गायब. नावं दिलेल्या अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जणांनी हेच केलं. मी म्हणायचो, "श्वास सोडा." ते म्हणायचे, "सोडलाय." ओठ न हलवता. एक जण फौजेत रणगाडा चालवायचा. त्याचं पोट आता रणगाड्याच्या झाकणातून आत गेलं नसतं. त्यानं श्वास इतका वेळ धरला की कान जांभळे झाले. शेवटी मॅडमच हसायला लागल्या आणि त्या हसल्यावर तोही हसला, आणि पोट असं काही बाहेर आलं की टेप माझ्या हातातून निसटला.

मग गट पाडले. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि मॅडमनी मला काढायला लावल्या. चौदा जण पहिल्या गटात, चौदा दुसऱ्या. पहिल्या गटानं रोज सकाळी कॅनॉलच्या रस्त्यावर मॅडमनी कागदावर लिहून दिलेला व्यायाम करायचा. दुसऱ्या गटानं सहा महिने काही करायचं नाही, जसे आहेत तसेच राहायचं. सहा महिन्यांनी त्यांनाही तोच व्यायाम मिळणार होता.

जीपमधे बसण्याआधी मॅडमनी मला बाजूला घेतलं. "दुसरा गट नेहमीसारखा राहिला तरच पहिल्यात पडलेला फरक व्यायामामुळे पडला असं म्हणता येईल. त्यांनीही सुरुवात केली तर तुलना संपली. दोन वर्षं मी यात घातली आहेत. एवढं एक तुम्ही सांभाळा, हवालदार."

"सांभाळतो, मॅडम," मी म्हणालो. चांगला कडक सलाम ठोकून म्हणालो.

आठवडाही गेला नाही तोच सुभेदार साहेबांनी मला बोलावून घेतलं. ते आमच्या गावातले सगळ्यांत वरच्या हुद्द्याचे माजी सैनिक, फौजेत काही वर्षं माझे वरिष्ठ. वय पंचावन्नच्या पुढं, मिशा अजून सरळ, रस्त्याच्या कडेला लांबलचक पोल्ट्री. चिठ्ठीत ते दुसऱ्या गटात निघाले होते. त्यांच्या ओट्यावर रणगाडेवाला आणि दुसऱ्या गटातले आणखी सात-आठ जण गंभीर चेहऱ्यानं बसले होते, कुणी आजारी असल्यासारखे.

"हवालदार," साहेब म्हणाले, "आमाला काय झालंय?"

"काय न्हाई, साहेब."

"मग पीटी माफ का?"

मला त्यांची अडचण एका क्षणात कळली. फौजेत पीटी कुणाला माफ असते? ज्याचा पाय प्लॅस्टरमधे आहे त्याला, ज्याला हगवण लागली आहे त्याला. पीटी माफ म्हणजे तुम्ही बाद. धडधाकट फौजीला 'तू पळू नको' असं डॉक्टरनं सांगणं म्हणजे त्याचे कपडे काढून घेण्यासारखं आहे. मॅडमनी समजावलं होतं, या सगळ्यांनी माना डोलावून सह्याही केल्या होत्या. पण ऐकलं होतं डोक्यानं. फौजी हाडांना ते पटलं नव्हतं.

"माफ न्हाई, साहेब. तुमचीबी होनार, सहा महिन्यानी. चिठ्ठी निघाली तसं झालं."

"चिठ्ठी कुनी काढली?"

"मी."

"बरं," एवढंच साहेब म्हणाले. ते जास्त लागलं.

रणगाडेवाला म्हणाला, "माझी बायको म्हनती, डाक्टरनी तुमालाच बाजूला काढलं म्हंजी आतून कायतरी आसंल. आठ दिस झालं, मुगाची खिचडी चालूय."

"आन् ते?" साहेबांनी रस्त्याकडं बोट केलं. पहिला गट रोज सकाळी कॅनॉलकडं जाताना मुद्दाम लांबची वाट धरून साहेबांच्या ओट्यासमोरून दौडत जायचा. 'एक दो एक' करत. आणि त्यातला एखादा हमखास ओरडायचा, "आराम करा साहेब, आराम. तब्येत जपा."

"आजपासनं दुपारी चार वाजता," साहेब म्हणाले, "शेडमधी. कोंबड्यांचा लॉट कालच गेला, शेड मोकळं हाय. बाईंच्या कागदावर जे हाय तेच, तसंच. कागद घिऊन ये."

"साहेब, मॅडमना शब्द दिलाय मी."

"मला बी दिल्ता की तू. वीस वर्सामागं. हुकूम पाळीन म्हनून."

इथं मी 'नाही' म्हणू शकत होतो. साहेब माझे वरिष्ठ आता नव्हते. पेन्शनीत कुणी कुणाचं वरिष्ठ नसतं. हुकुमाच्या आड लपायची माझी जुनी सवय आहे, आणि तिचा दोष साहेबांना देणार नाही. खरं सांगायचं तर मलाच त्यांच्या तोंडांकडं बघवत नव्हतं. शिवाय डब्यात हात माझा गेला होता.

चार वाजता मी कागद घेऊन गेलो.

रिकामं पोल्ट्री शेड आत गेल्यावर केवढं लांब वाटतं. खाली भाताच्या तुसाचा नवा थर पसरलेला, बाजूचे पडदे खाली सोडलेले, वर पत्रा. चौदा माणसं बनियन आणि हाफ पँटमधे रांगेत उभी राहिली, आणि मी 'सावधान' म्हटल्याबरोबर चौदा टाचा एकदम तुसावर आपटल्या. आवाज झाला नाही, पण तूस उडालं. सगळ्या शेडभर सोनेरी धुरळा झाला आणि आम्ही सगळे एकदम शिंकलो. एका तालात. साहेबसुद्धा. त्या शिंकेनंतर आम्ही जे हसायला लागलो ते थांबेचना. मी हसत होतो आणि मनात म्हणत होतो, तू बाईंना फसवतोयस. दोन्ही एकाच वेळी चाललं होतं, आणि एकामुळं दुसरं अडत नव्हतं.

त्या दिवसांइतका हलका मी कधी झालो नाही. सकाळी पहिल्या गटाबरोबर कॅनॉलवर, दुपारी दुसऱ्या गटाबरोबर शेडमधे. एकदा उघडपणे, एकदा चोरून. चोरून केलेली पीटी उघड्यापेक्षा दुप्पट जोरात होते हे मला तेव्हा कळलं. पहिला गट महिनाभरात सैलावला. पाहुणे, लग्नं, उसाला पाणी, असं काहीबाही निघू लागलं. दुसऱ्या गटातला मात्र एक माणूस चुकत नव्हता. कुणाला उशीर झाला तर तो पडद्याखालून सरपटत आत यायचा, जणू पलीकडं शत्रूची चौकी आहे.

मग पिल्लं आली. साहेबांनी धंदा बंद ठेवला नव्हता. नवा लॉट ठरलेला होता. एका दिवसाची हजारो पिवळी पिल्लं शेडच्या अर्ध्या भागात दिव्यांखाली सोडली आणि मधे पत्र्याची आडवी पट्टी लावली. साहेब म्हणाले, "पीटी बंद न्हाई. पन आवाज न्हाई. पिल्लू दचकलं का एकावर एक चढत्यात आन् खालची मरत्यात."

म्हणून आम्ही कुजबुजत पीटी केली. मी रांगेच्या पुढं जाऊन अगदी हळू म्हणायचो, "सावधान." चौदा माणसं मांजरीसारखी सावधान व्हायची. "विश्राम." पुन्हा तसंच. उठाबशांचे आकडे सगळे मिळून ओठांतल्या ओठांत मोजायचे. रणगाडेवाल्यानं आयुष्यभर इंजिनाच्या आवाजावर ओरडून बोलण्याशिवाय काही केलं नव्हतं. त्याला कुजबुजता येईना. तो नुसतंच तोंड हलवायचा आणि 'वीस' झाले की हात वर करायचा. पत्र्याच्या पलीकडून पिल्लं माना वाकड्या करून आमच्याकडं बघायची. एकदा एक पिल्लू अलीकडं आलं आणि साहेबांच्या बुटापाशी उभं राहिलं. साहेब बैठकीत खाली गेलेले, वर येता येईना, कारण बूट हलवला तर पिल्लू दबलं असतं. ते तसेच खाली बसून थरथरत राहिले आणि कुजबुजले, "हवालदार, ह्या जवानाला उचल."

घरी जाताना अंगभर तूस असायचं. बायको माझ्या कॉलरमधून ते वेचून काढायची. "कोंबड्यांत कामाला लागलात का?"

मी तिला सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली. मग हसणं संपल्यावर म्हणाली, "आणि त्या बाईंना कधी सांगणार?"

"सांगीन."

"फोन आहे की खिशात."

दर महिन्याला मॅडमचा फोन यायचा. "दुसरा गट कसा आहे?" मी म्हणायचो, "नेहमीसारखा, मॅडम." आणि लगेच घाम यायचा. खोटं बोललो, पण ते निर्ढावून बोलायला काही शिकलो नाही. त्या घामाचा उपाय म्हणून मी एक गोष्ट करायचो, ती कुणालाच माहीत नव्हती. मॅडमच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानांपासून उलट्या बाजूनं मी शेडमधल्या पीटीची हजेरी लिहायला लागलो. तारीख, हजर किती, गैरहजर कोण आणि का, किती मिनिटं, काय काय केलं. 'गैरहजर एक, सोयरीक बघायला श्रीरामपूरला.' 'आज अर्धी पीटी, पिल्लांना लसीकरण.' का लिहीत होतो? चोवीस वर्षं लिहिण्यात गेली, म्हणून असेल. किंवा पाप करायचं तर निदान त्याची नोंद नीट असावी, एवढंच मला जमत होतं.

सहा महिने भरले. मॅडम येणार त्या दिवशी सकाळी शेडमागं आमची बैठक झाली. शाळेच्या मैदानावर सहा मिनिटांची चाल होणार होती: दोन खुणांमधे येरझाऱ्या घालायच्या, पळायचं नाही, सहा मिनिटांत किती अंतर होतं ते मोजायचं.

"आज सगळ्यांनी हळू चालायचं," मी हात जोडून म्हणालो. "सहा महिने काय केलं न्हाई अशी मानसं चालतात तसं."

"कशी चालत्यात ती?" एकानं खरंच विचारलं.

"दमून. मधी थांबून."

"बरं," साहेब म्हणाले. "हळू. हा हुकूम हाय." सगळ्यांनी माना हलवल्या.

मैदानावर आधी पहिला गट चालला. बरा चालला. मग दुसऱ्या गटाची पाळी आली. साहेब आणि रणगाडेवाला शेजारी शेजारी उभे राहिले. पहिला गट कडेला बसून शेंगा खात होता. मी शिट्टी तोंडात धरली आणि तेवढ्यात कडेनं कुणीतरी म्हणालं, "जपून साहेब. आराम."

मी शिट्टी वाजवली आणि समजलो, संपलं. साहेब निघाले ते तिरासारखे. गुडघे सरळ, हात खांद्यापर्यंत. रणगाडेवाला त्यांच्या खांद्याला खांदा लावून, पोट पुढं, पण ते पोट आता त्याच्याबरोबर चालत होतं, मागून ओढलं जात नव्हतं. बाकीच्यांनी ते बघितलं आणि तेही तसेच. आणि वर त्यांचे ओठ हलत होते. सगळे मोजत होते, एकही आवाज न काढता. शेंगा खाणारे थांबले. मी ओरडून सांगायला पाहिजे होतं की हळू, पण शिट्टी तोंडातून काढलीच नाही. मला नाचावंसं वाटत होतं.

मॅडम शाळेच्या ऑफिसात कागद घेऊन बसल्या. दोन्ही गटांचे आकडे पुन्हा पुन्हा ताडून बघितले. मग म्हणाल्या, "हवालदार, दुसरा गट पहिल्यापेक्षा पुढं आहे. वजन, कंबर, चाल, सगळ्यातच." पेन्सिलीनं कपाळ खाजवलं. "गटांची नावं उलटी लिहिली गेली का तुमच्याकडून?"

एक शब्द. 'हो' म्हणालो असतो तर सगळं सुरळीत झालं असतं. व्यायाम केलेला गट पुढं, न केलेला मागं; मॅडमचं संशोधन साजरं, माझी एक साधी कारकुनी चूक. तोंडात केळ्याची चव आली. खोटं नाही सांगत, खरंच आली.

"झालं असेल, मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि खोडरबर उचललं. सुभेदार साहेबांचं नाव पहिलंच होतं. दुसऱ्या गटातून त्यांनी ते खोडायला घेतलं. अर्धं नाव गेलं, आणि मला शेडमधे खाली बसून थरथरणारे साहेब दिसले, बुटापाशी पिल्लू. ती सगळी मेहनत आता कॅनॉलवर दांड्या मारणाऱ्या कुणाच्या तरी नावावर जाणार होती.

"मॅडम, थांबा," मी म्हणालो. "रजिस्टर उलटं करून मागून वाचा."

त्यांनी मागून वाचलं. मी सावधानमधे उभा होतो. चार पानं झाल्यावर त्यांनी विचारलं, "पिल्लांना लसीकरण म्हणजे?" मी सांगितलं. शेड, तूस, कुजबूज, पीटी माफ, सगळं. फोनवर सहा वेळा खोटं बोललो तेही. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा कडक होता, फक्त रणगाडेवाल्याच्या हात वर करण्यापाशी त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि त्यांचे खांदे हलले.

मग त्या माझ्याकडं वळल्या. "तुमच्या गावाची तुलना गेली. ती मला वगळावी लागेल, आणि का वगळली तेही लिहावं लागेल. बाकीच्या गावांवर काम उभं राहील, तुमच्या कृपेनं नाही. हे तुम्हाला समजलंय ना?"

"समजलंय, मॅडम."

"तुम्ही खाडाखोड करू दिली असती तर बाकीचंही सगळं खोटं झालं असतं." त्यांनी रजिस्टर छातीशी धरलं. "हे मी घेऊन जाते. सहा महिने एक दिवस न चुकवता पीटी कोण करतं, आणि का करतं, हे मला कुठल्याच गावात कळलेलं नाही. स्टॉपवॉच द्या."

मी गळ्यातून काढून दिलं. टेपही दिला. गळा एकदम मोकळा झाल्यासारखा वाटला, आणि वाईटही.

"आता या गावात तुम्ही मोजणारे नाही. दोन्ही गटांबरोबर तुम्हीच सगळ्यांत जास्त व्यायाम केलाय. बाहेर चला."

व्हरांड्यात दोन्ही गट उभे होते. मॅडमनी टेप उघडला, आणि अठ्ठावीस जणांसमोर मी खाडकन श्वास आत ओढला. गरज नव्हती, बायकोनं माझ्या तीन पँटी कमरेत आत घेतल्या होत्या. तरी ओढला. छाती वर, ओठ घट्ट.

"श्वास सोडा, हवालदार."

"सोडलाय, मॅडम," मी ओठ न हलवता म्हणालो.

मागून कुणीतरी फुसकन हसलं. मग दुसरा. मला धरवेना. श्वास सुटला, सगळा, आत कुठंतरी खोल साठून राहिलेलासुद्धा, आणि त्याबरोबर मीही हसत सुटलो. मॅडमनी आकडा बघून लिहिला. सुभेदार साहेब त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांनी मागं वळून दोन्ही गटांना तो आकडा सांगितला, पण कुजबुजत, सवयीनं. तो लॉट विकून महिने झाले, तरी आम्ही शेडमधे अजून तसंच बोलतो. आता तिथं पहिला गटही येतो. त्यांना पहिल्या दिवशी शिंका आल्या, आणि आम्ही त्यांच्याकडं अशा नजरेनं बघितलं की बस.